कर्जाचा वर्ग मंडळीत कसा घ्यावा: देणाऱ्यालाही बोलवा

पाळकसाहेब काटकसरीवर उपदेश करतात, आम्ही माना डोलावतो, आणि उपासना सुटल्यावर कंपाउंडमध्ये चहा घेताना कुणीतरी कुणाला बाजूला घेऊन विचारतं, "ताई, महिना पाच टक्क्याने कुणी देईल का हो?" मुंबईतल्या बहुतेक मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत हे चालतं. विचारणारा आपला, देणाराही पुष्कळदा आपलाच, आणि दोघं एकाच बाकावर बसून प्रभूभोजन घेतात.

मी एका सहकारी बँकेच्या कर्ज खात्यात नोकरी केली. निवृत्तीनंतर आमच्या भायखळ्याकडच्या मंडळीत प्रौढांचा बायबल वर्ग घेते, आणि त्यात कर्जाचा विषय दरवर्षी येतो. हल्ली दुसऱ्या मंडळ्यांतले लोक विचारतात, कसं घेता, काय वाचता, भांडणं होत नाहीत का. भांडणं होतात. म्हणून सगळं एकदा लिहूनच ठेवते.

आधी मुद्दा सांगते. पवित्र शास्त्रात कर्जाचे जे नियम आहेत ते जवळजवळ सगळे देणाऱ्याला सांगितलेत. गरिबाकडून व्याज घेऊ नको, पांघरूण गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत कर, सातव्या वर्षी सोडून दे. बायबलमधली निर्गम, लेवीय, अनुवाद ही पुस्तकं कुठेही उघडा, 'तू' म्हणजे ज्याच्या हातात पैसा आहे तो. आपण मात्र वर्ग भरवतो तो घेणाऱ्यांचा, आणि विषय ठेवतो 'बचतीचं महत्त्व'. बचत वाईट नाही, पण ज्याचा पगार पंधरा तारखेला संपतो त्याला ती शिकवून काय मिळणार? तुमच्या वर्गातून एवढी नजर फिरली, की घेतलं कशाला हे विचारण्याआधी कुणी दिलं, किती दराने दिलं, काय ठेवून घेतलं हे विचारायची सवय लागली, तर वर्ग झाला म्हणायचा.

वेळ, जागा आणि पाळक

उपासनेनंतर लगेच ठेवा असं सगळे सुचवतात. ठेवू नका. रविवारी मेगाब्लॉक असतो, अंबरनाथ-विरारहून आलेली माणसं सारखी घड्याळाकडे बघतात. शनिवारची संध्याकाळ बरी. घरसभेतही हा विषय घेऊ नये, कारण ज्यांच्या घरी सभा त्यांच्यासमोर कर्जावर बोलायचं म्हणजे यजमानांच्या कपाटात डोकावल्यासारखं होतं. चर्चचा हॉल घ्या. मे महिना सोडा, अर्धी मंडळी गावी नगर-जालन्याला गेलेली असते. डिसेंबरचं तर नावच काढू नका. लेंटचे, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाचे, आठवडे सगळ्यात सोयीचे. त्या दिवसांत लोक येतात आणि थोडं टोचलेलं सहनही करतात.

पाळकांना आधी एकटं भेटा. परवानगी लागतेच, पण खरं कारण दुसरं आहे. पाळकाच्या डोक्यावरही कर्ज असू शकतं, आणि ते मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकीच कुणाचंतरी असू शकतं. त्यांना न सांगता फळ्यावर सावकारीचं गणित मांडलंत तर बिचारे पहिल्याच दिवशी अडचणीत येतील.

आणि एक नियम पहिल्या मिनिटाला सांगून टाका: वर्गात कुणीही स्वतःचं कर्ज सांगायचं नाही. आपल्याकडे साक्ष द्यायची सवय आहे. कुणीतरी उठतं आणि म्हणतं, प्रभूने माझं तीन लाखांचं कर्ज एका महिन्यात फेडलं. सगळे 'आमेन' म्हणतात. ज्याचं फिटलेलं नाही तो खाली मान घालून बसतो आणि पुढच्या शनिवारी येत नाही. शिवाय ज्याने पैसे दिलेत तो मागच्या बाकावर असेल, तर साक्षीचा अर्थ भलताच लागतो. बोलायचं ते काल्पनिक कुटुंबाबद्दल. आमचं कुटुंब कन्नमवार नगरात राहतं: नवरा खासगी कंपनीत सुरक्षा रक्षक, बायको चार घरी स्वयंपाक करते, दोन मुलं, आणि सासूबाईंचं डायलिसिस. नावं दिलेली नाहीत. नाव दिलं की कुणाचा तरी नातेवाईक निघतो.

पहिला दिवस फळ्याचा

पहिल्या दिवशी बायबल उघडू नका. फळा, खडू, आणि प्रत्येकाच्या हातात कागद-पेन्सिल द्या.

रोजच्या वसुलीच्या कर्जापासून सुरुवात करा. भाजीवाल्या, फेरीवाले, रिक्षावाले सगळ्यांना ते माहीत असतं. दहा हजार मंजूर, हजार आधीच कापले, हातात नऊ. मग रोज शंभर रुपये, शंभर दिवस. डायरीवाला येतो, सही करतो, जातो. वर्गाला विचारा, व्याज किती पडलं? "दहा टक्के," असं एकसुरात उत्तर येतं. मान्य करा आणि हळूहळू पुढे सरका. नऊ हजार पूर्ण तुमच्याकडे किती दिवस होते? एक दिवस. दुसऱ्या दिवशी शंभर गेले, तिसऱ्या दिवशी आणखी शंभर. पन्नासाव्या दिवशी निम्म्याहून जास्त परत गेलेले. म्हणजे सरासरीने तुम्ही साडेचार हजारच वापरले, आणि तेही तीन महिने दहा दिवस. साडेचार हजारांवर हजार रुपये, शंभर दिवसांत. वर्षाचा दर बारकाईने काढला तर पंचाहत्तर टक्क्यांच्या वर जातो. हे लोकांना स्वतःच्या पेन्सिलीने करू द्या. तुम्ही आकडा सांगितलात तर 'बाई बँकेतल्या आहेत, त्या बोलणारच' एवढ्यावर विषय संपेल. स्वतः मांडला की कागद घरी जातो आणि नवऱ्याला दाखवला जातो.

दुसरं गणित सोपं. पन्नास हजार, महिन्याला शेकडा पाच. महिन्याचं व्याज अडीच हजार. आमच्या कुटुंबाला अडीच हजार देता येतात, मुद्दल देता येत नाही. वीस महिन्यांनी पन्नास हजार व्याजात गेले आणि पन्नास हजार मुद्दल जागेवर. इथे थांबून कायदा सांगा, कारण तो फार थोड्यांना ठाऊक असतो. महाराष्ट्रात सावकारीचा २०१४ चा कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. परवानाधारक सावकारालाही चक्रवाढ व्याज लावता येत नाही, सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि मुद्दलापेक्षा जास्त रक्कम व्याजापोटी वसूल करता येत नाही. जुन्या दामदुपटीच्या नियमाचंच हे रूप. म्हणजे आमच्या कुटुंबाने विसाव्या महिन्यानंतर दिलेला प्रत्येक अडीच हजार कायद्याच्या बाहेरचा आहे. तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे होते. हे सांगितलं की हॉलमध्ये एकदम शांतता पसरते. त्या शांततेत कोण कुणाकडे बघतंय ते तुम्ही बघू नका.

तिसरं गणित तरुण संघासाठी. 'फक्त बारा टक्के फ्लॅट' (म्हणजे पूर्ण मुद्दलावर पूर्ण मुदतीचं व्याज) असं सांगून लाख रुपये दोन वर्षांसाठी दिले, तर व्याज चोवीस हजार आणि हप्ता पाच हजार एकशे सदुसष्ट. घटत्या शिलकीवर हिशोब केला तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. क्रेडिट कार्डाचा महिन्याचा साडेतीन टक्के म्हणजे वर्षाचा बेचाळीस, चक्रवाढ धरली तर त्याहून जास्त, आणि 'मिनिमम ड्यू' भरत राहिलं की माणूस त्यातच राहतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना किरकोळ कर्जासोबत की फॅक्ट स्टेटमेंट नावाचा कागद द्यावा लागतो. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो, आणि तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवा. पोरांना सांगा, मराठीत मागा. मागायला लाज कसली.

गणित संपलं की लगेच 'चला, प्रार्थना करू या' म्हणू नका. लोकांना राग आलेला असतो. तो घरी जाऊ दे.

दुसरा दिवस: नहेम्याचा पाचवा अध्याय

प्रभूच्या प्रार्थनेपासून सुरुवात करायचा मोह होतो, कारण ती पाठ असते. मी करत नाही. तिथल्या 'आमची ऋणे सोड' या ओळीत ऋण म्हणजे पाप, असं कुणीतरी म्हणतं आणि तास त्यातच जातो. नहेम्यात पळवाट नाही. तिथे शेत, द्राक्षमळा, धान्य, कर आणि व्याज असे शब्द सरळ आहेत.

काळ सुमारे इ. स. पू. ४४५. नहेम्या या यहूदी सुभेदाराच्या हाताखाली यरुशलेमची तटबंदी बांधायचं काम चालू आहे, आणि कामाच्या मध्येच आरडाओरडा होतो. पहिलंच वचन नीट वाचून घ्या: लोकांनी *आणि त्यांच्या बायकांनी* मोठी ओरड केली. महिला मंडळाला हे वचन वाचायला द्या, मग बघा. घरात सावकाराला तोंड कोण देतं, कामावर गेलेला नवरा की दार उघडणारी बायको, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

पुढच्या तीन वचनांत तीन तक्रारी आहेत. तीन जणींना उभं करून एकेक वाचायला लावा. पहिली म्हणते, आमची मुलंबाळं पुष्कळ आहेत, जगायला धान्य हवं. दुसरी म्हणते, दुष्काळात धान्यासाठी आम्ही शेतं, द्राक्षमळे आणि घरं गहाण ठेवली. तिसरी म्हणते, राजाचा कर भरायला आम्ही कर्ज काढलं. मग वर्गाला विचारा, आपल्या कन्नमवार नगरच्या कुटुंबाचं कर्ज यांतल्या कुठल्या रांगेत बसतं? उत्तरं भराभर येतात. किराणा पहिल्या रांगेत. मंगळसूत्र ठेवून घेतलेलं दुसऱ्या. तिसऱ्या रांगेवर वाद होतो. शाळेची फी हा कर का? डायलिसिसचा खर्च? आमच्या वर्गातल्या एका मावशी म्हणाल्या होत्या, "जे न भरून चालत नाही आणि ज्याच्यात आपल्याला कुणी विचारत नाही, तो करच." याहून चांगली व्याख्या मला बँकेत कुणी दिली नव्हती.

मग नहेम्या काय करतो ते पाहा. तो कर्जदारांना बोलावून खर्चाची वही मागत नाही. तो सरदारांना आणि अधिकाऱ्यांना बोलावतो, तेही खासगीत नव्हे, मोठी सभा भरवून. आठव्या वचनात ते गप्प बसतात, बोलायला त्यांना काही सुचत नाही. दहाव्या वचनात तो कबूल करतो की मी, माझे भाऊ, माझे चाकर, आम्हीही पैसे आणि धान्य उसनं दिलंय. ही ओळ पंचांना मोठ्याने वाचायला द्या. मग मागणी: शेतं, मळे, जैतुनाची झाडं, घरं आजच्या आज परत करा, आणि पैशाचा, धान्याचा शेकडा एक हिस्साही. हा शेकडा एक महिन्याचा असावा असं सहसा मानतात. तो आकडा फळ्यावर लिहा, शेजारी पहिल्या दिवसाचा शेकडा पाच लिहा, आणि काही बोलू नका.

याच दिवशी अनुवादाचा चोविसावा अध्याय जोडून घ्या. तिथे तीन बारीक नियम आहेत आणि तिन्ही आपल्या गल्लीत लागू पडतात. जात्याची तळी गहाण घेऊ नये, कारण ती घेणं म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणं. आमच्याकडे जात्याच्या जागी शिलाई मशीन आणि रिक्षा. गहाण आणायला ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभं राहावं, त्याने ते स्वतः बाहेर आणून द्यावं. आणि गरिबाचं पांघरूण रात्री आपल्याकडे ठेवून झोपू नये. यातल्या दुसऱ्या नियमाशेजारी रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम लिहा: वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला फोन करायचा नाही. देव आणि रिझर्व्ह बँक दोघांनाही उंबरठ्याची काळजी आहे, एवढं पुरे.

सुपे आणि यरुशलेम

तिसऱ्या दिवशी थोडा इतिहास. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आजे-पणजे नगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आले, म्हणून ही गोष्ट घरची वाटते. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं तेव्हा इथल्या कापसाला भाव आला, सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिलं. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, त्यात सरकारने शेतसारा वाढवला, आणि शेतकऱ्यांकडे उरले ते अंगठा उठवलेले कागद. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांवर हल्ला केला. त्यांना मारहाणीत फारसा रस नव्हता, हवी होती ती कर्जखतं आणि वह्या. त्या हाती लागल्या तिथे जाळल्या. लोण नगर जिल्ह्यातही पोचलं. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. त्या कायद्यानुसार न्यायाधीशाला कागदाच्या मागे जाऊन व्यवहार खरा काय होता ते तपासता येऊ लागलं.

आता दुसरी आग. इ. स. ६६ मध्ये यरुशलेमात रोमविरुद्ध उठाव झाला तेव्हा बंडखोरांनी सुरुवातीलाच कर्जाचे दस्त ठेवलेलं दफ्तर जाळलं. योसेफस हा इतिहासकार लिहितो की ऋणकोंना बंडात ओढण्यासाठी ते केलं. येशूला क्रूसावर देऊन तेव्हा चाळीस वर्षंही झाली नव्हती. म्हणजे मत्तयच्या अठराव्या अध्यायातला निर्दय चाकर (राजाने त्याचं अफाट कर्ज सोडलं, त्याने मात्र स्वतःच्या ऋणकोला सोडलं नाही) ज्यांनी पहिल्यांदा ऐकला, त्यांना कर्ज म्हणजे काय हे चांगलं माहीत होतं. त्या दाखल्याचा आकडाही करून बघा: दहा हजार तालांत, एका तालांताचे सहा हजार दीनार, दीनार म्हणजे मजुराचा एक दिवस. सहा कोटी दिवसांची मजुरी. पोरं हसतात, आणि हसलं पाहिजे. तो आकडा हसण्यासारखाच आहे.

योबेलचं वर्ष, म्हणजे विकलेली जमीन मूळ मालकाकडे परत जायचं पन्नासावं वर्ष, लेवीय २५ मधून घ्या, पण घाईने 'पन्नासाव्या वर्षी सगळं माफ' असं सांगून मोकळे होऊ नका. तिथे जमिनीची किंमत उरलेल्या पिकांच्या संख्येवर ठरते, म्हणजे विकली जाते ती पिकं, जमीन नाही. आणि एकोणतिसाव्या वचनात मेख आहे: तटबंदीच्या नगरातलं घर विकलं तर वर्षभरात सोडवता येतं, नाही सोडवलं तर ते कायमचं गेलं, योबेलमध्येही परत नाही. आमच्या वर्गातला एक कॉलेजचा मुलगा लगेच म्हणाला, "म्हणजे मुंबईत योबेल लागू नाही?" पागडीच्या खोल्या आणि रिडेव्हलपमेंटच्या करारांवर मग अख्खी संध्याकाळ गेली. जाऊ द्यावी. पाहिजे तर १६ मे १९९८ ला बर्मिंगहॅममध्ये जी-एट देशांच्या बैठकीभोवती हजारो लोकांनी मानवी साखळी केली आणि गरीब देशांचं कर्ज सोडा म्हणून याच अध्यायाचं नाव घेतलं, हे सांगा. पण थोडक्यात. देशांच्या कर्जावर बोलणं सोपं असतं, तिथे शेजारी कुणी दुखावत नाही.

हे वाद होणारच

"माफी दिली तर उद्या देणार कोण?" हा प्रश्न नेहमी एखादे निवृत्त बँकवाले काका विचारतात, आणि माझा स्वभावही त्यांच्याच बाजूचा. उत्तर शास्त्रात आहे. अनुवाद १५ मध्येच ताकीद दिली आहे की सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरिबाला नाही म्हणू नको. म्हणजे देणाऱ्याची भीती नियम करणाऱ्यालाही माहीत होती. पुढे हिल्लेल नावाच्या रब्बीने न्यायसभेकडे कर्ज सोपवण्याचा दस्त काढला, ज्यामुळे सातव्या वर्षीही वसुली करता येई. हेतू हा की गरिबाला कर्ज मिळणं थांबू नये. यावर वर्गाला दोन्ही बाजूंनी बोलू द्या. शेतकरी कर्जमाफी इथे येणारच, २००८ ची, २०१७ ची, २०१९ ची. गावी भावाला मिळाली, मला का नाही, असंही येणार. तेव्हा एवढं स्पष्ट करा की कर्ज निर्लेखित करणं आणि माफ करणं वेगळं. बँक मोठ्या उद्योगाचं कर्ज निर्लेखित करते तेव्हा ते ताळेबंदातून जातं, वसुलीचा हक्क कागदावर राहतो. आमच्या कुटुंबाचं कर्ज मात्र कुठल्याच ताळेबंदात नसतं, ते डायरीत असतं.

"दुर्जन उसनं घेतो आणि फेडत नाही," स्तोत्र ३७, वचन २१. हे कुणीतरी काढणारच. बरोबर आहे. ज्याच्याकडे आहे आणि जो देत नाही त्याला ते लागू. वर्गाने तेवढं म्हणावं आणि पुढे जावं. तेच वचन पुढे म्हणतं की नीतिमान उदारपणे देतो.

सगळ्यात कडू वाद दशमांशाचा, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देण्याचा. पाच टक्क्याचं कर्ज डोक्यावर असलेल्या बाईने दशमांश द्यावा का? दशमांश आणा म्हणजे आशीर्वाद मिळेल असं सांगणारा मलाखीचा तिसरा अध्याय काढला जातो, आकाशाच्या खिडक्या उघडतात, आणि टीव्हीवरचे 'बी पेरा' म्हणणारे प्रचारक मदतीला येतात. माझं मत मी लपवत नाही: आधी पाच टक्क्याचं कर्ज संपव बाई, मग लिफाफा. मार्कच्या सातव्या अध्यायात आईबापांना द्यायचं ते कुर्बान म्हणून देवाला वाहिलं असं सांगणाऱ्यांना येशूने काय सुनावलं ते वाचा. पाळकांना हे आवडत नाही, आणि का आवडत नाही हेही मला समजतं, त्यांचा पगार त्याच पेटीतून येतो. म्हणूनच त्यांना आधी भेटायचं म्हटलं.

जामीन

यावर एक अख्खा दिवस द्या, उरलेलं कमी केलंत तरी चालेल. मंडळीत जेवढी नाती जामिनाने तुटली तेवढी वाटणीनेही तुटली नसतील. पतपेढीला दोन जामीनदार लागतात, आणि आपला माणूस चर्चमध्ये जामीनदार शोधतो, कारण इथे नाही म्हणता येत नाही. "नुसती सही आहे हो, काका." ती नुसती नसते. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्थेने आधी कर्जदाराच्या मागे लागावं आणि मग तुमच्याकडे यावं, असं बंधन नाही. माझ्या टेबलासमोर बसून किती जणांनी विचारलं, "मी तर पैसे बघितलेही नाहीत, मॅडम, मग माझ्या पगारातून का?"

नीतिसूत्रे ६, पहिली पाच वचनं वाचा. शेजाऱ्याला जामीन झालास तर डोळ्याला झोप येऊ देऊ नको, हरिणासारखा, पक्ष्यासारखा सुटून जा. मग नाही म्हणायचा सराव करून घ्या. अगदी जोडीजोडीने, मोठ्याने. एक जण विचारतो, दुसरा नाही म्हणतो. कारण द्यायचं नाही, कारण दिलं की ते कारण दूर करण्याचे उपाय सुरू होतात. "सही करणार नाही, पण तुझ्याबरोबर संस्थेत येतो आणि कागद वाचून देतो," हे वाक्य आमच्या वर्गातून निघालं आणि चांगलं चालतं.

वर्गानंतर मंडळी काय करते

काहीच केलं नाही तर वर्ग भजनासारखा ऐकून लोक घरी जातील. आम्ही तीन गोष्टी पंचांपुढे नेल्या.

पहिली, कापणीच्या सणाच्या लिलावात आणि अर्पणांच्या यादीत रकमेसह नावं वाचणं बंद. एका भोपळ्याला दोन हजार बोलून पुढच्या महिन्यात कुणी दागिने ठेवायला निघत असेल तर तो सण कसला. दुसरी, लग्न चर्चच्या हॉलमध्ये साध्या जेवणाने लावणाऱ्या कुटुंबाला हॉल फुकट, मग ते कुटुंब श्रीमंत असो की गरीब. श्रीमंतांनी दोन लग्नं अशी लावली की बाकीच्यांना तोंड वर काढता येतं. आमच्याकडे पहिलं लग्न लावायला कुणी तयार होईना. अखेर एका पंचांच्या सुनेने हट्ट धरला.

तिसरी, अडचणीचा निधी. इथे जपून. चर्चच्या न्यासाने ठेवी गोळा करून कर्जवाटप करू नये. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या न्यासाचे पैसे त्याच्या हेतूंप्रमाणेच वापरता येतात, आधी न्यासपत्र वाचा. निधीतून मदत द्या, परतफेडीचा आग्रह नको, ज्याला जमेल तो पुढच्यासाठी पेटीत टाकेल. ज्यांना खरंच कर्जाची सोय हवी आहे त्यांनी दहा ते वीस जणींचा बचत गट करून बँकेत खातं काढावं, किंवा नोंदणीकृत पतसंस्था. वसईच्या कॅथलिकांनी १९१८ साली सहकारी पतसंस्था काढली, तीच आज बसीन कॅथलिक बँक आहे. तेव्हा हे आपल्या लोकांना जमत नाही असं कुणी म्हणू नये. भिशी चालू असेल तर चालू द्या, पण चिठ्ठीची. बोली लावून उचलायची भिशी म्हणजे पुन्हा व्याजच, आणि ते सगळ्यात गरजू बाईच्या खिशातून जातं.

निधीची समिती तिघांची, त्यात दोन बाया, आणि पंचांपैकी व्याजाने पैसे फिरवणारा कुणी नको. नावं गुप्त. याला आधार हवा असेल तर २ राजे ४ घ्या: कर्ज ठेवून मेलेला माणूस संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एक होता, आजच्या हिशोबाने पाळकाचंच घर, आणि अलीशा त्या विधवेला सांगतो की शेजाऱ्यांकडून भांडी माग, मग आत जाऊन दार लावून घे. भांडी अख्ख्या गल्लीने दिली, तेल ओतताना कुणी बघितलं नाही.

सूचना फलकावर दोनच कागद लावा. एकावर रिझर्व्ह बँकेचा तक्रारीचा क्रमांक १४४४८, दुसऱ्यावर सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयाचा पत्ता. कागद स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या भिंतीवर लावा, मुख्य दारापाशी नको. दारापाशी उभं राहून तो क्रमांक लिहून घ्यायला कुणी धजावत नाही.

आणि ठराव मांडायचा असेल तर मराठीत लिहा, रकमा अंकी आणि अक्षरी दोन्ही घाला, अनुमोदक आधीच ठरवून ठेवा, आणि वार्षिक सभेच्या अजेंड्यावर तो हिशोबाच्या आधी येईल असं बघा. हिशोबानंतर बिर्याणीचा वास सुटतो, मग गणपूर्तीही राहत नाही.